आमच्या तालुका वाचनालयातलं ६३४.८

नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावचं सार्वजनिक वाचनालय आता मुक्तद्वार झालं आहे. काउंटरवर चिठ्ठी द्यायची आणि आतून पुस्तक येण्याची वाट बघायची, हे बंद. आता सभासदाने स्वतः आत जायचं, कपाटांमधून फिरायचं, हवं ते पुस्तक काढून चाळायचं. त्याहून मोठा बदल म्हणजे पुस्तकं विषयवार लावली आहेत, ड्यूई दशांश वर्गीकरणाप्रमाणे, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा; वर लिहिलेला ६३४.८ हा द्राक्षांचा. वाचनालयांबद्दल लोक लिहितात ते बहुतेक जागेबद्दल, पंख्यांबद्दल, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना टेबल मिळतं का याबद्दल. तेही महत्त्वाचं आहेच. पण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, घरी द्राक्षबाग आहे, आणि पुस्तक कोणत्या फळीवर, कशाच्या शेजारी उभं आहे यावर ते वाचलं जाणार की नाही हे ठरतं, असं माझं पक्कं मत आहे. म्हणून हा अभिप्राय फक्त मांडणीबद्दल.

आधी कसं होतं ते सांगते, कारण पुष्कळ वाचनालयांत अजून तसंच आहे. पुस्तकांचे ढोबळ गट: कादंबरी, कथा, नाटक, कविता, चरित्र, प्रवासवर्णन, धार्मिक, बालवाङ्मय. प्रत्येक गटात पुस्तक ज्या क्रमाने आलं त्या क्रमाने नंबर. का-१२४३ च्या शेजारी का-१२४४, मग एक ऐतिहासिक असो नाहीतर रहस्यकथा. एकाच लेखकाच्या कादंबऱ्या चार कपाटांत विखुरलेल्या. आणि या गटांत जे बसत नाही ते सगळं संकीर्णात. शेती, कायदा, आरोग्य, गणित, ज्योतिष, शिवणकाम, पक्षी, संगणक, सगळं 'सं' च्या नंबरांखाली एका रांगेत. पुस्तकाचं किंवा लेखकाचं नाव पाठ असेल तर यादीत नंबर सापडायचा. नुसता विषय घेऊन गेलेला माणूस हात हलवत परत यायचा, कारण यादीत विषय नावाची गोष्टच नव्हती.

माझ्या सासऱ्यांचं उदाहरण देते. त्यांना आम्ही नाना म्हणतो. नाना जुने सभासद, पण पौराणिक आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या पलीकडे कधी गेले नाहीत. शेतीची पुस्तकं इथे असतील हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. नवी मांडणी झाल्यावर ते कादंबऱ्यांकडे जाताना सहाशेच्या, म्हणजे तंत्रज्ञान आणि शेतीच्या कपाटाशी थबकले आणि तिथेच उभे राहिले. द्राक्षाची पुस्तकं एका जागी होती: खुंट रोपं आणि कलमं, खरड छाटणी, ऑक्टोबर छाटणी, घडांची विरळणी, डाऊनी आणि भुरी हे रोग, पानदेठ परीक्षण. त्यांनी ग्रंथपाल मॅडमना विचारलं, "मॅडम, हे सगळं नवीन घेतलंत का?" मॅडम म्हणाल्या, "नाना, यातली निम्मी पुस्तकं तुमच्या सभासदत्वाहून जुनी आहेत."

त्या वर्षी आमच्या बागेत पानांच्या कडा करपत होत्या. नानांनी ६३४.८ मधलं पुस्तक काढलं, त्यात क्षारांबद्दल एक परिच्छेद होता, माती आणि पाणी तपासा म्हणून. पुढचं वाचायला त्यांना कुठे लांब जावं लागलं नाही. त्याच कपाटात वरच्या फळीवर ६३१.४ माती, तिच्यानंतर ६३१.८ खतं, मग ६३२ रोग आणि कीड. ज्या पुस्तकात त्यांचं उत्तर होतं ते मातीचं होतं, द्राक्षाचं नव्हे. जुन्या पद्धतीत ते पुस्तक त्यांनी मागितलंच नसतं, कारण ते आहे हे ठाऊक नव्हतं. विषयवार मांडणीचा खरा फायदा हा आहे. मागितलेलं पुस्तक कुठल्याही पद्धतीत कधी ना कधी मिळतं. न मागितलेलं, पण कामाचं, ते फक्त इथे मिळतं.

पद्धत समजायला सोपी आहे. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने ती १८७६ मध्ये छापली, ॲमहर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयात काम करताना. पहिली आवृत्ती म्हणजे जेमतेम ४४ पानांची पुस्तिका. सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग: ००० सामान्य, १०० तत्त्वज्ञान, २०० धर्म, ३०० सामाजिक शास्त्रं, ४०० भाषा, ५०० विज्ञान, ६०० तंत्रज्ञान, ७०० कला, ८०० साहित्य, ९०० इतिहास आणि भूगोल. प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा, आणि पुढे दशांश चिन्ह देऊन हवं तितकं बारीक. ६०० तंत्रज्ञान, ६३० शेती, ६३४ फळबागा, ६३४.८ द्राक्ष. त्या आधीच्या ग्रंथालयांत नंबर सहसा कपाटाचा आणि फळीचा असे. कपाट भरलं की पंचाईत. ड्यूईने नंबर पुस्तकाच्या विषयाला दिला. त्यामुळे नवं पुस्तक दोन जुन्यांच्या मध्ये घुसू शकतं, सगळी रांग पुढे सरकू शकते, इमारत बदलली तरी नंबर तोच राहतो. आमच्याकडे प्रत्येक फळीचा साधारण तिसरा भाग मुद्दाम रिकामा ठेवला आहे. काही सभासदांना ते जागेची नासाडी वाटते. तसं नाही. ती जागा पुढच्या खरेदीसाठी आहे, आणि ती ठेवली नाही तर दोन वर्षांत मांडणी मोडेल.

आकडे मराठीत लिहिलेत, त्याचा मला शाळेसाठी फार उपयोग झाला. दशांश अपूर्णांक शिकवताना मुलं हमखास अडतात: ०.११ मोठा की ०.८? अकरा आठापेक्षा मोठे, म्हणून ०.११ मोठा, असं वर्गातली अर्धी मुलं सांगतात. त्यांना मी वाचनालयात नेलं. सफरचंद ६३४.११, द्राक्ष ६३४.८. आधी कोण? फळीवर सफरचंद आधी. मग का, याची चर्चा तिथेच कपाटासमोर झाली, आणि ज्यांना फळ्यावर पटत नव्हतं त्यांना तिथे पटलं. नंतर मुलांना चिठ्ठ्यांवर वर्गांक, म्हणजे विषयांचे हे आकडे, लिहून दिले आणि पुस्तकं शोधायला सांगितलं. एकजण ५९७.९६ म्हणजे साप शोधत गेला आणि पुढच्याच नंबरवरचं पक्ष्यांचं, ५९८ चं पुस्तक घेऊन बसला. शिपाई मामांनी न कुरकुरता मुलांना वावरू दिलं, याचं कौतुक इथे नोंदवते.

एक गोष्ट मात्र नव्या सभासदाला कुणीतरी उभं राहून समजावून सांगायला हवी. फळ्या वाचायच्या त्या एका कपाटापुरत्या: वरच्या फळीवर डावीकडून उजवीकडे, मग खालची फळी, अशा तळापर्यंत, आणि मग शेजारचं कपाट. लोक सगळ्यांत वरची फळी धरून पाच कपाटं ओलांडत जातात आणि नंबर उड्या मारतात म्हणून गोंधळतात. कपाटांच्या बाजूंना 'येथून ६१० ते ६३६' अशा पाट्या आहेत, त्या चांगल्या मोठ्या अक्षरात आहेत. त्यांच्या खाली एक बाण काढला तर प्रश्न मिटेल.

आपल्याकडे ही कल्पना नवी आहे असं कुणाला वाटत असेल तर आमच्याच जिल्ह्यातला इतिहास सांगते. मालेगाव तालुक्यातलं कवळाणे हे सयाजीराव गायकवाडांचं जन्मगाव. शेतकऱ्याच्या घरातला हा मुलगा बडोद्याचा राजा झाला आणि १९१० मध्ये त्याने विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. बॉर्डन तीन वर्षं राहिले. त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, बडोद्यासाठी वर्गीकरणाची पद्धत तयार केली, १९११ मध्ये ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्ग काढला, आणि संस्थानातल्या गावागावांत मोफत वाचनालयं पोहोचली. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला, त्यातून अनुदान आणि वाचनालयांचे अ, ब, क, ड असे दर्जे आले, हजारो वाचनालयं तगली. पण तगलेल्या वाचनालयांत पुस्तक लावायचं कसं, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी मागेच राहिला.

कुणी विचारेल, अमेरिकन पद्धत कशाला, आपले रंगनाथन होते की. शियाळी रामामृत रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, शिकायला लंडनला गेले, तिथे सेल्फ्रिजेसच्या दुकानात मेकॅनोचा संच बघितला. त्याच पट्ट्या आणि त्याच नटबोल्टांतून हवं ते यंत्र उभं करता येतं, तसा पुस्तकाचा विषयही सुट्या भागांतून जुळवता येईल, हे त्यांना तिथे सुचलं. १९३३ मध्ये त्यांचं द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झालं. विषयाचे पाच पैलू वेगळे काढायचे, स्थळ आणि काळ हे त्यांतलेच दोन, आणि चिन्हांनी जोडायचे. विचार म्हणून ते ड्यूईच्या पुष्कळ पुढे आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्यातल्या क्रमांकात अक्षरं, आकडे, स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम सगळे येतात. नानांना आणि माझ्या सहावीच्या मुलांना तो क्रमांक घेऊन फळीपर्यंत जाणं जमलं नसतं. रंगनाथनांनीच १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला एक म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. त्या नियमाला धरून तालुक्याच्या वाचनालयाने साध्या आकड्यांची पद्धत निवडली, हे योग्यच झालं.

ड्यूईची अडचण वेगळी आहे. तो पुस्तकं वस्तूनुसार लावत नाही, विद्याशाखेनुसार लावतो. द्राक्षाची लागवड ६३४.८, पण बेदाणा करायचा तर ६६४.८, वाइन ६६३.२, निर्यात ३८२, आणि सोसायटी काढायची तर सहकार ३३४. द्राक्ष एकच, कपाटं पाच. साप प्राणी म्हणून ५९७.९६ मध्ये, सर्पदंशावरचे प्रथमोपचार ६१६ मध्ये, नागाच्या लोककथा ३९८ मध्ये. ड्यूईला हे माहीत होतं, म्हणून त्याने पहिल्याच आवृत्तीत वर्णानुक्रमे विषयसूची जोडली: शब्द शोधा, त्याचे सगळे नंबर एका ठिकाणी. आमच्या वाचनालयाने या सूचीचा मराठी अवतार केला आहे आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या कामातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. देवघेव काउंटरशेजारी दोरीने बांधलेली एक जाड वही आहे. त्यात 'आंबा', 'उसाचा दर', 'कंबरदुखी', 'गोधडी', 'जमीन मोजणी', 'बेदाणा', 'सातबारा', असे लोक प्रत्यक्ष विचारतात ते शब्द, आणि पुढे वर्गांक. ग्रंथपाल मॅडम काउंटरवर आलेला प्रत्येक नवा प्रश्न त्यात लिहितात. हे संगणकात आपोआप होत नाही. कंबरदुखीचं पुस्तक 'अस्थिरोग' नावाने नोंदलेलं असतं आणि विचारणारा कंबरच म्हणतो. दर गुरुवारी नव्या नोंदी वर्णानुक्रमात लावल्या जातात. ज्यांना आपल्या गावी अशी मांडणी करायची आहे त्यांनी आधी ही वही सुरू करावी, कपाटं नंतर.

धर्माच्या कपाटांकडे गेलात तर ड्यूईचा काळ आणि देश दिसतो. २२० ते २८९ हे सगळे अंक त्याने ख्रिस्ती धर्माला दिले आणि बाकी जगातल्या धर्मांना २९०. त्यात भारतात जन्मलेले धर्म २९४: बौद्ध २९४.३, जैन २९४.४, हिंदू २९४.५, शीख २९४.६; इस्लाम २९७. आमच्याकडे २२० ते २८० मध्ये एक फळीही भरत नाही आणि २९४.५ ला तीन कपाटं पुरत नाहीत. आकडेही लांबतात: रामायण २९४.५९२२, महाभारत २९४.५९२३, भगवद्गीता २९४.५९२४. पातळ पोथीच्या पाठीवर एवढा आकडा बसत नाही, म्हणून चिठ्ठी पुढच्या पानावर लावली आहे आणि ती उभ्या पुस्तकात दिसत नाही. आपापल्या धर्माला मोठी जागा घेण्याची मुभा पद्धतीत आहे. वाचनालयाने ती न घेता मूळ आकडेच ठेवले. मला हा निर्णय पटतो, कारण इथे २९४.५९२४ शिकलेला मुलगा उद्या नाशिकला किंवा पुण्याला कॉलेजच्या ग्रंथालयात गेला तर तिथेही त्याला तोच आकडा भेटण्याची शक्यता मोठी. पोथ्यांसाठी मात्र पुठ्ठ्याच्या पेट्या कराव्यात आणि आकडा पेटीवर लिहावा.

खरा पेच संतसाहित्याचा. ज्ञानेश्वरी कुठे ठेवायची? ती गीतेवरची टीका, म्हणजे २९४.५९२४. ती मराठीतली ओवीबद्ध रचना, म्हणजे मराठी कविता, ८९१.४६१. दोन्ही बरोबर. प्रत एकच असेल तर तिला एकाच फळीवर उभं राहावं लागतं, आणि प्रती जास्त असल्या तरी दोन ठिकाणी विभागल्या तर वाचकाला अर्ध्याच दिसतात. तुकोबांच्या अभंगांचं तेच, एकनाथी भागवताचं तेच. पहिल्यांदा सगळं साहित्यात लावलं होतं. त्यावर वारकरी मंडळी नाराज झाली. माळकऱ्याने माउलींना भेटायला कादंबऱ्यांच्या बाजूला का जायचं, असं त्यांचं म्हणणं. मग सगळं धर्मात हलवलं, तर एम.ए. मराठी करणारी मुलं शोधत बसली. शेवटी मॅडमनी वेगळं कपाट केलं, धर्म आणि साहित्य यांच्या मधल्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. आकडा साहित्याचाच ठेवला, पण मांडणी संतांप्रमाणे: ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, चोखामेळा, एकनाथ, तुकाराम. प्रत्येकाची मूळ रचना आधी, मग टीका, मग चरित्र. शास्त्राप्रमाणे ही मोडतोड आहे. वाचकाच्या बाजूने बघितलं तर याहून चांगला उपाय मला सुचत नाही. पौष महिन्यात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा असते, तेव्हा या कपाटातल्या दोन फळ्या अक्षरशः मोकळ्या होतात. एवढीच सूचना: गीतेच्या फळीवर 'ज्ञानेश्वरी: संतसाहित्य कपाट पाहा' अशी पाटी हवी. गीता वाचायला येणाऱ्या माणसाला ती लागतेच.

साहित्याच्या वर्गात ड्यूईने ८१० ते ८८० हे दहा-दहाचे गट अमेरिकन, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक यांना वाटले आणि उरलेल्या सगळ्या जगाला ८९०. मराठी ८९१.४६, मराठी कादंबरी ८९१.४६३. म्हणजे आमच्या वाचनालयातल्या सगळ्यांत मोठ्या संग्रहावर एकच आकडा. हजारो पुस्तकांवर तोच आकडा चिकटवून काही साधत नाही, म्हणून कादंबऱ्यांवर नुसतं 'का' आणि खाली लेखकाच्या आडनावाची पहिली तीन अक्षरं आहेत, आणि रांग आडनावाप्रमाणे. क्षीरसागर क मध्ये नाहीत, शेवटी आहेत, कारण आपण अंकलिपीत क्ष आणि ज्ञ शेवटी शिकतो. तशी सूचना फळीवर लावली आहे, छान केलं.

टोपणनावांचं काम फार मन लावून केलंय. कुसुमाग्रजांच्या कविता एका कपाटात आणि वि. वा. शिरवाडकरांची नाटकं दुसऱ्या. आरती प्रभूंच्या कविता आणि चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्या, विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर. माणूस एक, नावं दोन. प्रत्येक ठिकाणी पुस्तकाच्या आकाराचा लाकडी ठोकळा उभा केलाय, त्यावर 'याच लेखकाचं आणखी तिकडे पाहा' म्हणून लिहिलंय. शाळेतल्या मुलांना कुसुमाग्रज आणि शिरवाडकर एकच हे पाठ असतं, पण ठोकळा वाचून दुसऱ्या कपाटाशी चालत जाणारी मुलगी मी पाहिली आहे.

अनुवादित कादंबऱ्यांत मात्र मला मूळ ड्यूई हवा होता. त्याच्या नियमाप्रमाणे अनुवाद मूळ भाषेच्या साहित्यात जातो. तसं केलं असतं तर बंगालीतून आलेलं एकत्र दिसलं असतं, कन्नडमधून आलेलं एकत्र. आपल्याकडे कन्नड आणि बंगालीतून इतकं आलंय, आणि वाचकांना ते इतकं आवडतं, की भाषेप्रमाणे फळ्या लावल्या तर कन्नडमधले भैरप्पा वाचणारा आपोआप कन्नडच्याच कारंतांकडे वळेल. सध्या सगळं 'अनुवादित' या एका गटात आहे आणि इंग्रजीतून आलेल्या रहस्यकथांनी तो गट व्यापला आहे. यावर फेरविचार व्हावा ही माझी मनापासून विनंती.

चरित्रांचं पद्धतीत दोन्ही तऱ्हांनी करता येतं: शास्त्रज्ञाचं चरित्र शास्त्रात ठेवा, किंवा सगळी चरित्रं एकत्र करा. इथे एकत्र आहेत, आणि चरित्र लिहिणाऱ्याच्या नव्हे, ज्याच्यावर लिहिलंय त्याच्या नावाप्रमाणे. बाबासाहेबांवरची सगळी पुस्तकं शेजारी शेजारी, सावित्रीबाईंवरची शेजारी शेजारी. चरित्र वाचणारा माणूस लेखक शोधत येत नाही, म्हणून हे बरोबर. दलित आत्मकथनं सुरुवातीला ३०५ मध्ये, समाजगटांवरच्या अभ्यासांबरोबर लावली होती. त्याबद्दल मी आणि आणखी काही सभासदांनी लेखी अर्ज दिला. एका माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं आयुष्य आकडेवारीच्या अहवालांशेजारी ठेवायचं आणि साहेबाचं आत्मचरित्र मात्र चरित्रांत, हे चालणार नाही. आता ती आत्मचरित्रांत आहेत, लेखकाच्या नावाने, सगळ्यांच्या बरोबरीने. अर्ज वाचून महिन्याच्या आत बदल करणारं कार्यकारी मंडळ आहे हे, हेही लिहून ठेवते.

किल्ल्यांची पुस्तकं तीन ठिकाणी आहेत: इतिहास ९५४.७९२, प्रवास ९१५.४७९२, आणि चढाई-भटकंती ७९६ मध्ये. वहीत 'किल्ले' शब्दाखाली तिन्ही आकडे आहेत, त्यामुळे चालून जातं.

आता उणिवा. पाठीवरच्या चिठ्ठ्यांवर जी पारदर्शक पट्टी लावली आहे ती उन्हाळ्यात सुटते, खिडकीजवळच्या ७०० च्या कपाटात तर निम्म्या चिठ्ठ्या गळून पडल्या आहेत, आणि चिठ्ठी गळालेलं संगीताचं पुस्तक पाककृतींत सापडतं. सर्वांत खालच्या फळीवरचे आकडे वाचायला जमिनीवर बसावं लागतं. वयस्कर सभासदांसाठी ती फळी थोडी तिरकी करून द्यावी किंवा एक बुटकं स्टूल ठेवावं. वाचून झालेली पुस्तकं टेबलावरच ठेवा, परत फळीवर घालू नका, अशी पाटी आहे, पण लोक ऐकत नाहीत, आणि चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यासारखंच असतं. इथे सभासदांनीच सुधारायला हवं. संगणकावरचा शोध अर्धवट चालतो, कारण जुन्या नोंदी युनिकोड नसलेल्या फॉन्टात भरल्या होत्या आणि त्या शोधात येतच नाहीत. बालविभाग अजून वयाप्रमाणे आहे, विषयाप्रमाणे नाही. चौथीतल्या मुलालाही साप आणि ग्रह वेगवेगळ्या फळीवर हवे असतात, आणि ५०० मध्ये मुलांची पुस्तकं मोठ्यांच्या पुस्तकांशेजारी लावली तर तीच मुलं पुढे मोठी पुस्तकं उचलतील. निदान विज्ञानापुरतं करून बघावं. माझ्या शाळेतली मुलं चिठ्ठ्या लिहायला आणि चिकटवायला येतील, तसं मी मुख्याध्यापकांशी बोलून ठेवलं आहे.

ज्यांना सभासद व्हायचं आहे त्यांच्यासाठी: अनामत ५०० रुपये, महिन्याची वर्गणी ५० रुपये, विद्यार्थ्यांना निम्मी. एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ४ ते ८, सोमवारी बंद. पहिल्यांदा जाल तेव्हा संध्याकाळी साडेचारच्या सुमारास जा, गर्दी नसते आणि मॅडम स्वतः कपाटं दाखवतात. आत शिरल्यावर आधी डाव्या हाताची विषयांची वही उघडा, आपला शब्द शोधा. नसेल तर मॅडमना सांगा, त्या तिथल्या तिथे लिहून घेतात. शेतीवाल्यांनी सरळ चौथ्या रांगेत जावं. द्राक्षाची दोन-तीन पुस्तकं हंगामात बाहेर असतात, त्यांच्यासाठी काउंटरवर नाव नोंदवता येतं. ऑक्टोबर छाटणीच्या आधी महिनाभर नोंदवलंत तर वेळेत मिळतील.